अटक करताना मानेवर जोर दिला गेला तर काय करावे: सोलापूरच्या नागरिकांसाठी मार्गदर्शिका

कोणाला अटक होत असताना पोलिसाचा हात त्याच्या गळ्याभोवती आवळलेला किंवा गुडघा त्याच्या मानेवर रोवलेला दिसला, तर सर्वांत आधी घड्याळ पाहावे. हा सल्ला कोरडा वाटेल. परंतु पुढे रुग्णालयात, पोलीस आयुक्तालयात आणि न्यायालयात जे काही घडते, ते बहुतांशी दोन वेळांवर अवलंबून असते: त्या माणसाचा प्रतिकार केव्हा थांबला आणि त्याच्या मानेवरचा जोर केव्हा निघाला. पहिल्या क्षणापर्यंत कायदा पोलिसांना बराच मोकळा हात देतो; त्यानंतरच्या प्रत्येक सेकंदाचा जाब त्यांना द्यावा लागतो. या दोन क्षणांमधले अंतर कसे टिपावे, ते कोणत्या कागदावर उतरवावे आणि तो कागद सोलापुरात कोणापुढे ठेवावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

वाद नेमका कशाचा आहे

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात डेरेक शॉविन या पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या मानेवर गुडघा दाबून ठेवला. फ्लॉइड यांचे हात तेव्हा पाठीमागे बेड्यांत होते आणि ते रस्त्यावर पालथे पडलेले होते. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात मृत्यूचे वर्णन पोलिसांशी संबंध आला असता उद्भवलेली वैद्यकीय घटना असे केले होते. रस्त्याने जाणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीने मोबाइलवर केलेले चित्रण पुढे आल्यावरच त्या निवेदनाचा फोलपणा उघड झाला. खटल्यात सरकार पक्षाने सर्वाधिक भर दिला तो ९ मिनिटे २९ सेकंद या एका आकड्यावर. एप्रिल २०२१ मध्ये शॉविन दोषी ठरला आणि जूनमध्ये त्याला साडेबावीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

हा वाद फ्लॉइड प्रकरणापेक्षा बराच जुना आहे. लॉस एंजेलिस पोलिसांच्या गळा आवळण्याच्या पद्धतीविषयीचे एक प्रकरण १९८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. त्या निकालातील भिन्नमतात न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी अशी नोंद केली की १९७५ पासून त्या शहरात या पद्धतीनंतर किमान १६ माणसे दगावली होती आणि त्यांपैकी १२ कृष्णवर्णीय पुरुष होते. न्यूयॉर्क पोलीस दलाने तर १९९३ सालीच गळा आवळण्यावर बंदी घातली होती, तरीही जुलै २०१४ मध्ये एरिक गार्नर यांचा मृत्यू अशाच पकडीनंतर झाला. नियमावलीत बंदी लिहिली म्हणजे रस्त्यावरची पकड सुटते, या समजुतीला तेथेच तडा गेला. २०२० नंतर न्यूयॉर्क राज्याने ती कृती फौजदारी गुन्हा ठरवली, मिनिआपोलिसने मानेवरील सर्व पकडी बंद केल्या आणि अमेरिकेच्या न्याय विभागाने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या अखत्यारीतील केंद्रीय यंत्रणांना, प्राणघातक बळ समर्थनीय ठरेल असा प्रसंग वगळता, त्या वापरण्यास मनाई केली.

पकडीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. ते दोन प्रकार वेगळे करतात. पहिल्या प्रकारात गळ्याच्या पुढच्या बाजूने श्वासनलिका दाबली जाते, आणि तो घातक असल्याचे तेही मान्य करतात. दुसऱ्या प्रकारात कोपराच्या खोबणीत मान धरून दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्या दाबल्या जातात. मेंदूचा रक्तपुरवठा घटल्याने माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि पकड सोडताच बहुधा शुद्धीवर येतो. पिस्तूल काढण्यापेक्षा किंवा लाठीने हाडे मोडण्यापेक्षा हे बरे, असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि ज्युदोमध्ये अशा पकडी रोज वापरल्या जातात, हा त्यांचा पुरावा. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु ज्युदोच्या मॅटवर समोरचा हाताने थोपटून हार मानू शकतो आणि पंच पकड सोडवतो. कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत गळा आवळणे निषिद्धच आहे, आणि आपल्याकडच्या तालमीतही पोरांची झोंबी हाताबाहेर जाऊ लागली की वस्ताद मध्ये पडतो. अटकेच्या वेळी डांबरी रस्त्यावर वस्ताद नसतो. ज्याची मान धरली आहे तो हात झटकतो ते श्वासासाठी की सुटण्यासाठी, हे धरणाऱ्याला कळत नाही. आणि तो जितका तडफडतो तितकी पकड घट्ट होते. झटापटीत मान थोडी वळली, की बाजूला असलेला दाब श्वासनलिकेवर येतो.

वैद्यकीय बाजूवर फारसा मतभेद उरलेला नाही. अमेरिकेतील मज्जातज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ साली मानेवरील सर्व प्रकारच्या पकडींना विरोध करणारी भूमिका जाहीर केली. मेंदूला रक्त न मिळाल्याने होणारी इजा, धमनीच्या आतील अस्तराला चीर पडून नंतर गुठळी होणे आणि त्यातून अर्धांगवायू येणे, हे धोके धडधाकट तरुणालाही असतात. याखेरीज एक धोका मानेला हात न लावताही उद्भवतो. पालथ्या माणसाच्या पाठीवर एक-दोघे बसले तर छाती व पोट हलण्यास जागा उरत नाही आणि तो हळूहळू गुदमरतो. ‘बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे’ ही समजूत म्हणूनच फसवी आहे. दोन शब्द बाहेर टाकण्यापुरती हवा असणे आणि जगण्यापुरती हवा आत येणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपला कायदा काय सांगतो

आपल्या कायद्यात मान हा शब्द कोठेही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार, कोणी अटकेला बळाने विरोध केला तर पोलिसांना अटकेसाठी आवश्यक ती सर्व साधने वापरता येतात. मात्र ज्याच्यावर मृत्युदंड किंवा आजन्म कारावासाच्या शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार हे कलम देत नाही. कलम ४६ एका वाक्याचे आहे, आणि या सगळ्या विषयाचे मर्म त्या वाक्यात आहे: अटक केलेल्या व्यक्तीला पळून जाण्यापासून रोखण्यासाठी जरूर असेल त्यापेक्षा अधिक अटकाव करता येत नाही. दोन्ही हात धरले गेले, बेड्या पडल्या, किंवा माणूस निपचित झाला, की पलायनाची शक्यता संपते; त्यानंतर मानेवरच्या गुडघ्याला कोणते प्रयोजन उरते, हा प्रश्न विचारण्याचा हक्क हे कलम आपल्याला देते. महिलेच्या बाबतीत तर तोंडी सूचना दिल्यावर ती शरण आली असे गृहीत धरायचे असते, आणि परिस्थिती अन्यथा भाग पाडत नसेल तर पुरुष पोलिसाने तिच्या अंगाला स्पर्श करायचा नसतो.

बाकीच्या तरतुदी नागरिकाच्या कामाच्या आहेत म्हणून एकत्र सांगतो. अटक करणाऱ्याच्या गणवेशावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा लेखी मेमो, ज्याला आपल्याकडे सर्रास अटक पंचनामा म्हटले जाते, घरच्या व्यक्तीने किंवा त्या भागातील प्रतिष्ठित नागरिकाने साक्षांकित केलेला असावा आणि त्यावर अटक झालेल्याची सही असावी. नातेवाइकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. यांपैकी बऱ्याच गोष्टींचे मूळ कोठडीतील अत्याचारांविषयीच्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेल्या निकालात आहे. अटकेची कारणे समजेल त्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू शेजारीशेजारी नांदणाऱ्या सोलापुरात ‘समजेल त्या भाषेत’ या शब्दांना विशेष वजन आहे.

प्रत्यक्ष घटनास्थळी

समजा, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतील गर्दीत पाकीटमारीच्या संशयावरून एका तरुणाला पोलिसांनी धरले आहे. तो हात सोडवून पळू पाहतो, दोघे त्याला खाली पाडतात, आणि त्यांतील एकाचा गुडघा त्याच्या मानेवर येतो. तुम्ही चार पावलांवर आहात.

मध्ये पडून पोलिसाचा हात ओढू नये. लोकसेवकाच्या कामात अडथळा आणणे आणि त्याच्यावर बळाचा वापर करणे हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे २२१ व १३२ या कलमांखाली गुन्हे आहेत. तुम्ही साक्षीदार होता ते क्षणात आरोपी व्हाल, आणि ज्याच्यासाठी मध्ये पडलात त्याचा एक साक्षीदार कमी होईल. त्याऐवजी तोंडाचा उपयोग करावा. आरोळी न ठोकता, शिवी न देता, ठळक आवाजात म्हणावे: ‘साहेब, त्याचे हात धरलेले आहेत, मानेवरचा पाय काढा. त्याला कुशीवर घ्या.’ ‘कुशीवर घ्या’ ही सूचना मुद्दाम निवडली आहे. ‘सोडा त्याला’ असे म्हटले की पोलिसाला अटकच सोडून देण्याची मागणी ऐकू येते आणि तो हट्टाला पेटतो. कुशीवर घेण्याने अटक कायम राहते, फक्त छाती मोकळी होते. ती सूचना मानण्यात पोलिसाला कमीपणा वाटत नाही, आणि तुमचा आवाज चित्रणात आला असेल तर त्याला वेळीच सांगितले होते याचा पुरावाही राहतो.

सोलापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. जिवाच्या आकांताने माणूस आईच्या भाषेत ओरडतो. पूर्व भागातला विणकर तेलुगूत ‘ऊपिरी आडट्लेदु’ म्हणेल, अक्कलकोटकडचा कन्नडमध्ये ‘उसिराडाक आगवल्दु’ म्हणेल, आणि बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या हवालदाराला ते केवळ आरडाओरडा वाटेल. तुम्हाला ती भाषा येत असेल तर लगेच मराठीत सांगावे: ‘साहेब, तो श्वास येत नाही म्हणतोय.’

चित्रीकरण करावे. सार्वजनिक जागी चाललेल्या अटकेचे, अडथळा न आणता, अंतरावरून चित्रण करण्यास सरसकट मनाई करणारा कायदा नाही. ठाण्यातील चित्रणाच्या बाबतीतही, पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमाखालील निषिद्ध ठिकाण नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली म्हटले आहे. चित्रण करताना मोबाइल आडवा धरावा, मान आणि हात दोन्ही एका चौकटीत येतील असे पाहावे आणि मध्येच थांबवू नये. तुकड्यातुकड्यांच्या चित्रणातून तेच अंतर हरवते ज्यासाठी हा खटाटोप आहे. प्रतिकार थांबला असे वाटले की तसे मोठ्याने म्हणावे: ‘आता तो हलत नाही.’ नाव-पट्टी, बिल्ला क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि जवळच्या दुकानाची पाटी शक्य झाल्यास टिपावी. हे चित्रण समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नये. ती फाइल व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवली की आकुंचन पावते आणि तिच्यासोबतची माहिती गळून पडते. मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये आहे तो मोबाइल तसाच जपावा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

माणूस बेशुद्ध असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. परिस्थिती चिघळत असेल तर ११२ वर फोन करावा. पोलिसांविरुद्ध पोलिसांनाच फोन कशाला, असे वाटेल, परंतु त्या फोनची वेळ यंत्रणेत नोंदवली जाते.

रुग्णालयातील कागद

या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित टप्पा हा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटक झाल्यावर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. त्या नोंदीत दुखापती व बळाच्या वापराच्या खुणा आणि त्या अंदाजे केव्हा झाल्या असाव्यात हे लिहायचे असते, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला द्यायची असते. अंदाजे वेळ आणि प्रत, हे दोन्ही शब्द घरच्यांनी पाठ करून ठेवावेत. प्रत मागितल्याशिवाय ती क्वचितच मिळते.

मानेच्या दुखापतीची अडचण अशी की बाहेरून पुष्कळदा काहीच दिसत नाही. ओळखीतल्या एका घरी हे जवळून पाहिले आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका तरुणाला झटापटीत धरून नेले; एका दवाखान्यात तपासणी झाली आणि केसपेपरवर ‘मानेवर किरकोळ ओरखडे’ एवढेच लिहिले गेले. त्याचा आवाज बसला होता आणि त्याला पाणी गिळताना त्रास होत होता. मात्र शेजारी पोलीस उभे होते, त्याने सांगितले नाही, डॉक्टरांनी विचारले नाही. पुढे तक्रार लिहायला बसलो तेव्हा हाताशी फक्त ‘किरकोळ’ हा शब्द होता. कागदावर न आलेल्या वेदनेला फौजदारी न्यायालयात वजन मिळत नाही, हे वाचकाने कटू म्हणून नव्हे, उपयोगी म्हणून लक्षात ठेवावे.

म्हणून डॉक्टरांना स्वतःहून पुढील गोष्टी सांगाव्यात आणि त्या लिहून घेण्याची विनंती करावी: शुद्ध हरपली होती का, किती वेळ, त्या वेळी कपड्यांत लघवी किंवा शौच झाले होते का, कारण ते बेशुद्धीचे महत्त्वाचे लक्षण मानले जाते आणि लाजेपोटी हमखास लपवले जाते, आवाज बदलला आहे का, गिळताना दुखते का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, पापण्यांच्या आत किंवा कानामागे बारीक लाल ठिपके आहेत का, डोके जड वाटणे, अंधारी येणे, एका बाजूला मुंग्या येणे असे काही होते का. शेवटच्या गटातील लक्षण असेल तर मानेच्या रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन करावे का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. धमनीला पडलेल्या चिरेतून होणारा अर्धांगवायूचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले तर ‘ताण आला असेल’ म्हणून घरी थांबू नये.

सुटका झाल्यावर किंवा जामीन मिळाल्यावर त्याच दिवशी छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, जाऊन पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि प्रकरण मेडिको-लीगल (म्हणजे कायदेशीर कारवाईशी संबंधित) म्हणून नोंदवण्यास सांगावे. मानेची छायाचित्रे त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि चौथ्या दिवशी दिवसाच्या उजेडात घ्यावीत. काळपट निळे वळ पहिल्या दिवशी न दिसता नंतर उमटतात.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील पहिला प्रश्न

रिमांडसाठी हजर केल्यावर न्यायदंडाधिकारी आरोपीला विचारतात: पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? कोठडीतून आलेला घाबरलेला माणूस मान हलवून ‘नाही’ म्हणतो, आणि ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. नंतर केलेल्या प्रत्येक तक्रारीला हीच नोंद दाखवून उत्तर दिले जाते. घरच्यांनी किंवा वकिलांनी त्याआधी त्याची भेट घेऊन एवढे सांगावे की या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे, मान दुखते असे सांगायचे, केव्हा व कोठे दाबली ते सांगायचे आणि पुन्हा वैद्यकीय तपासणीची मागणी करायची. चार वाक्ये पुरेशी आहेत. बोलण्याचे धाडस होत नसेल तर वकिलांमार्फत लेखी अर्ज द्यावा.

वकील परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. सोलापूर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशा तालुक्यांच्या ठिकाणी हेच काम तालुका विधी सेवा समिती करते.

तक्रार कोणाकडे आणि कशी

आधी हद्द पाहावी. शहरातील सदर बझार, फौजदार चावडी, जेल रोड, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती आणि एमआयडीसी ही पोलीस ठाणी पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतात. तालुक्यांमधील ठाणी सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. घटना रेल्वे स्थानकाच्या आवारात घडली असेल तर संबंध लोहमार्ग पोलिसांशी येतो. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज फेटाळला जात नाही, तो नुसता ‘पुढील कार्यवाहीसाठी’ फिरत राहतो, आणि तेवढ्यात कॅमेऱ्यातील चित्रण पुसले जाते.

म्हणून पहिला अर्ज तक्रारीचा नसून चित्रण जपण्याचा असावा. सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्व पोलीस ठाण्यांत आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने, तशी साधने उपलब्ध नसल्यास किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला आहे. अर्जात तारीख, वेळेची चौकट आणि ठाण्यातील जागा लिहून ते चित्रण राखून ठेवावे अशी मागणी करावी, आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच घ्यावी, आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्जही करावा. रस्त्यावरच्या दुकानांचे कॅमेरे मात्र थोड्याच दिवसांत जुने चित्रण पुसतात. तेथे अर्जाची वाट न पाहता दुकानदाराला भेटून विनंती करावी.

तक्रार लिहिताना विशेषणे आवरावीत. ‘पोलिसांनी अमानुषपणे, निर्दयपणे गळा दाबला’ या वाक्यातून चौकशी करणाऱ्याला काहीही सापडत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘सायंकाळी सुमारे ७ वाजून १० मिनिटांनी माझा भाऊ पालथा पडलेला असताना दोन पोलिसांनी त्याचे दोन्ही हात पाठीमागे धरले. त्यानंतर त्याने हालचाल केली नाही. त्याच्या डाव्या बाजूला असलेल्या पोलिसाने उजवा गुडघा त्याच्या मानेवर ठेवला. मी “त्याला कुशीवर घ्या” असे दोनदा म्हणालो. गुडघा काढला तेव्हा ७ वाजून १३ मिनिटे झाली होती.’ भावाने आधी हात झटकला असेल, पळण्याचा प्रयत्न केला असेल, तर तेही लिहावे. ते लपवले आणि चित्रणात दिसले की संपूर्ण तक्रार खोटी ठरते. लिहिले तर तुमच्याच कागदावर प्रतिकाराचा शेवट ठळक होतो, आणि तुमचे म्हणणे त्या शेवटानंतरच्या तीन मिनिटांविषयी आहे.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी माहिती टपालाने वरिष्ठांकडे, म्हणजे शहरात आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात अधीक्षकांकडे, पाठवावी. तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी हवी, असा आक्षेप तेथे येईल. त्याची तयारी वकिलांनी आधीच करावी.

याला समांतर दोन दरवाजे आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील २०१४ च्या दुरुस्तीने आलेले राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत आणि विहित पद्धत डावलून केलेली अटक अशा तक्रारी हाती घेते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे शुल्क न भरता साध्या कागदावर तक्रार करता येते, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत. नुकसानभरपाईसाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा मार्ग नीलाबती बेहेरा प्रकरणातील १९९३ च्या निकालाने पक्का झाला आहे. सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या कक्षेत आपला जिल्हा येतो.

मृत्यू झाला असेल तर

पोलीस कोठडीत किंवा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाल्यास त्याच संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी होते. शक्य असेल तेथे तिची माहिती नातेवाइकांना द्यावी लागते आणि त्यांना हजर राहू द्यावे लागते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवणे जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांवर बंधनकारक आहे. घरच्यांनी शवविच्छेदनाआधी लेखी मागणी करावी की त्याचे चित्रीकरण व्हावे आणि मानेचे विच्छेदन थराथराने, डोके व छाती उघडून तेथील रक्त वाहू दिल्यानंतर, करावे. ही न्यायवैद्यकातील मान्य पद्धत आहे, आणि ती पाळली नाही तर विच्छेदनातच झालेला रक्तस्राव दुखापतीसारखा दिसू शकतो किंवा खरी दुखापत झाकली जाऊ शकते. गळ्यातील हायॉइड हाड मोडलेले नाही, एवढ्यावरून गळा दाबला गेला नाही असा निष्कर्ष कोणी काढू लागले तर तो मान्य करू नये. तरुण माणसात ते हाड लवचीक असते आणि अनेकदा शाबूत राहते.

परभणीतील डिसेंबर २०२४ च्या कोठडीमृत्यू प्रकरणात गुन्हा नोंदवण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाकडून मिळेपर्यंत जुलै २०२५ उजाडला. एवढा काळ टिकतील असे कागद पहिल्या आठवड्यातच तयार करावे लागतात. मूळ प्रती एका फाइलमध्ये, छायाप्रती दुसऱ्या घरी आणि मोबाइल बंद करून पाकिटात ठेवावा. पाकिटावर तारीख, वेळ आणि ज्याने तो ठेवला त्याची सही असावी.